मापाची वही

आमच्या धंद्यात आधी पाय बघतात,
नाव मागाहून विचारतात.
सुभाषनगरातल्या या दुकानात
गिऱ्हाइकांच्या मापांच्या वह्या सतरा.
अठरावी पातळ, लाल पुठ्ठ्याची.
ती एकाच माणसाची.

पान पहिलं. वय नऊ.
पेन्सिल टाचेवरून फिरली की हर्षला हसायची,
म्हणून रेघ तिथं वाकडी.
त्या साली रंकाळ्याच्या बाजूला
सिमेंटवर चाकांचे बूट घालून पोरं पळायची,
ही त्यांत घुसली.
हातातल्या काठीला कॅरमची तुटकी फळी ठोकलेली.

पान चार. डाव्या घोट्याला घट्टा.
मास्तर दुकानात आले. म्हणाले,
"बामणे, पोरीला बर्फावर न्यायला पाहिजे."
मी म्हटलं, बर्फ मासळी बाजारात मिळतो
आणि रसाच्या गाड्यावर.
मास्तर हसले नाहीत.

लडाखच्या शिबिराला जुने बूट मिळाले,
कुणाचे तरी उतरलेले, दोन बोटं आखूड.
मी ते कलबुतावर चढवून चार रात्री ताणले,
शिवण उसवली, मेणाच्या दोऱ्यानं परत घातली.
पात्याला मात्र हात लावला नाही.
लोखंड आमचं नव्हे.

पान अकरा माझ्या हातचं नाही.
तिकडून तिनंच कागदावर पाय ठेवून काढलं,
फोटो पाठवला. वाकून काढलेली रेघ,
टाचेपाशी सुटलेली.
त्या गावाचं नाव मला अजून म्हणता येत नाही.
त्यांना आमचं येत नव्हतं.
भोंग्यावरून 'बमानी' म्हणायचे,
आणि ही काठी वर करायची.

दुसऱ्या फळीचा संघ. वर्षावर्षाचा करार.
पहाटे बेकरीत पाव, रात्री सामना.
पगार विचारला तर म्हणाली,
"आप्पा, तुमच्या दिवाळीच्या महिन्याएवढा."
दिवाळीच्या महिन्यात आमचं काय होतं ते मला ठाऊक.
पुढं विचारलं नाही.

एकदा फोन बर्फाजवळ धरला.
"ऐका."
खर्र, खर्र, मग लांबवर जाणारी एक करकर.
आम्ही चपलेच्या तळात विंचू घालतो
तेव्हा कुठं असा आवाज निघतो.
मी म्हटलं, विंचू चांगला बसलाय गं.
ती इतकी हसली की शेजारचं कोणतरी
परक्या भाषेत काय झालं म्हणून विचारायला लागलं.

पान चौदा. उजव्या पायाचं चौथं बोट
तिसऱ्यावर चढलेलं.
गोल करायचं तिचं काम नव्हतंच,
अडवायचं होतं.
चकती बुटावर घेतली, उरलेला सामना उभी राहून काढला.
सहा हंगामांत गोल चार.
अडवलेले कोण मोजतं?
मी मोजले असते.
पण तिथं रात्र असायची तेव्हा माझा डोळा लागलेला.

मग गुडघा. मग एक पत्र, चार ओळींचं.
त्यात आभार दोनदा.

आता दुपारची दुकानात बसते.
पेठेतली पोरं येतात, फुटबॉलवर जीव टाकणारी.
"ताई, त्यात ऑफसाइड असतं काय?"
"असतं की. निळी रेघ असते.
चकतीच्या आधी ती ओलांडायची नाही."
फरशीवर रापीच्या टोकानं ओढून दाखवते.
मी ओरडतो, धार जाईल.

परवा म्हणाली, "मला एक जोड करा. कापशी."
कागद अंथरला. पाय ठेव. हलू नको.
टाचेवर पेन्सिल फिरली, हसली नाही.
डावा पाय एक, उजवा वेगळा.
चाळीस वर्षं एका मापावर जोड बेतला,
पहिल्यांदा दोन पानं लागली.

विंचू घालू? घाला.
आठ दिवसांनी घालून उभी राहिली.
दोन पावलं चालली,
पाय पुढं टाकून नव्हे, जरासा बाजूला ढकलत.
डावी करकरली. उजवी गप्प.

"उसवा परत," म्हणाली,
आणि अनवाणी स्टुलावर बसून राहिली
मी आरी शोधेपर्यंत.